नेपती उर्फ केर : आपल्या माळावरचं हे झुडूप कुणी खातं का?

दौंडकर | १२ एप्रिल, २१:४०

राजस्थानी थाळीतली केर-सांगरीची भाजी बऱ्याच जणांनी खाल्ली असेल. त्यातली सांगरी म्हणजे शेंगा आणि केर म्हणजे वाटाण्याएवढी हिरवी फळं. ती ज्या झुडपाला लागतात त्याला वनस्पतिशास्त्रात कॅपॅरिस डेसिड्युआ म्हणतात आणि आपल्याकडे नेपती. पुण्याच्या पूर्वेचे तालुके, नगर, सोलापूर, बीड या पट्ट्यात कोरडवाहू माळावर, ओढ्याच्या कडेला, जुन्या बांधावर ती अजून दिसते. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्यांचा गुंता आणि जोडीजोडीनं काटे. आत्ता चैत्रात विटकरी लाल फुलांनी भरलीये, पंधरा-वीस दिवसांत फळं धरतील.

पुण्यात राजस्थानी दुकानात वाळलेल्या केराचा भाव किलोला हजार रुपयांच्या पुढेच असतो, बारीक केर त्याहून महाग. आणि आमच्या शिवारात तीच फळं पिकून, गळून, मुंग्यांना जातात. गावात विचारलं तर म्हातारी माणसं म्हणतात, "पिकलेली खायचो की गुरं राखताना." हिरव्या फळाचं काही करतात का, याचं धड उत्तर मिळत नाही.

तर प्रश्न :
कच्च्या फळाचा कडवटपणा नेमका कसा घालवायचा?
महाराष्ट्रात कुणाच्या घरी नेपतीचं लोणचं किंवा भाजी होते का?
आणि होत नसेल तर का होत नाही? माझं मत विचाराल तर आपण माळावरचं खाणं गरिबीचं समजून टाकून दिलं, आणि आता तेच दुसऱ्याच्या ताटातून विकत घेतोय.

---

टवाळ_कार्टं | १२ एप्रिल, २१:५२

नेप्ती म्हटलं की आम्हा नगरकरांना फक्त कांद्याचे भाव आठवतात. नेप्तीच्या उपबाजारात आज काय निघाला कांदा ते सांगा आधी.

---

सई_के | १२ एप्रिल, २२:०५

बुकमार्क केला. पाककृती येऊ द्या.

---

जोधपुरी_काकू | १२ एप्रिल, २२:४८

लग्न होऊन जोधपूरला आले त्याला आता जमाना झाला, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या.

ताजा केर तोडल्या तोडल्या खाऊन बघू नका, जीभ भाजल्यासारखी होते. आमच्याकडे देठं काढून, धुऊन, मातीच्या मटक्यात मिठाच्या पाण्यात घालतात आणि मटका उन्हात ठेवतात. पाणी चांगलं खारट हवं. काही घरांत पाण्याऐवजी आंबट ताक घालतात. दोन-तीन दिवसांत पाण्याला फेस येतो, उग्र वास सुटतो. (शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा!) ते पाणी ओतून द्यायचं, नवं खारं पाणी घालायचं. असं आठवडाभर चालतं. गडद हिरवा रंग जाऊन पिवळट शेवाळी झाला की चावून बघायचा. कडवटपणा पूर्ण जात नाही आणि जायलाही नको, थोडी झणक राहिली पाहिजे.

त्यानंतर दोन वाटा. लोणच्यासाठी फडक्यावर कोरडा करून राईचं तेल, मोहरीची डाळ, बडीशेप, मेथी, हळद, तिखट. साठवणीचा असेल तर कडक उन्हात खडखडीत वाळवायचा, मग वर्षानुवर्षं टिकतो.

वाळलेला केर भाजीला घ्यायचा असेल तर रात्री ताकात भिजत घाला, सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुवा, उकडा आणि मग फोडणीला टाका. सांगरी वेगळी भिजवायची. दोन्ही एकत्र भिजवली तर सांगरीला केराचा वास लागतो.

---

अण्णा_सोलापूर | १२ एप्रिल, २३:१०

काकू, मटका उन्हातच का ठेवतात? आमच्यात लोणची सावलीत ठेवतात म्हणून विचारतो.

---

जोधपुरी_काकू | १२ एप्रिल, २३:२१

उन्हानं आंबायला वेग येतो. लोणचं मुरतं ते नंतर, सावलीत. ही आधीची पायरी आहे, कडू काढायची.

---

अणुरेणू | १३ एप्रिल, ०७:३०

काकूंच्या मटक्यात काय घडतं ते थोडक्यात. कॅपॅरिस कुळातल्या झाडांत मोहरीवर्गासारखी गंधकयुक्त द्रव्यं असतात, ग्लुकोसिनोलेट म्हणतात त्यांना. यांच्यातल्या मुख्य द्रव्याचं नावच ग्लुकोकॅपॅरिन आहे. फळ चावलं, ठेचलं की पेशीतला एक विकर त्यावर काम करतो आणि मोहरीसारखा नाकात जाणारा तिखट पदार्थ तयार होतो. जीभ भाजते ती त्यामुळे. मिठाच्या पाण्यात ही द्रव्यं हळूहळू बाहेर पडतात आणि तुटतात, शिवाय दह्यात असतात त्या जातीचे जिवाणू वाढून पाणी आंबट होतं. म्हणून ताक घालणं हे अगदी शहाणपणाचं आहे, विरजणाचे जिवाणू आयते मिळतात.

मीठ कमी पडलं तर मात्र नको ते जंतू वाढतात. बुळबुळीत झालेलं, सडका वास येणारं सगळं फेकून द्या, धुऊन वापरायच्या फंदात पडू नका.

---

भुजवाली | १३ एप्रिल, ०९:१५

कच्छमध्ये याला केरडां म्हणतात आणि आमच्या सासरी मिठाचं पाणी वेगळं करतच नाहीत. कैऱ्यांना मीठ-हळद लावून ठेवली की जे आंबट पाणी सुटतं, गुजरातीत खाटुं पाणी, त्यातच केरडां आणि गुंदा बुडवून ठेवायचे. आंबटानं कडवटपणा मरतो आणि कैरीचं पाणीही वाया जात नाही. तेलाशिवायच टिकतं. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि हे असलं की दुसरं काही नको.

गुंदा म्हणजे आपलं भोकर बरं का. भोकराचं लोणचं आपल्याकडेही घालतात, मग नेपतीचं का नाही, हा दौंडकरांचा प्रश्न मलाही पडलाय.

---

बांधावरची_बोर | १३ एप्रिल, १०:०२

नाही कसं? माझं माहेर कर्जत तालुक्यात (नगरचा कर्जत, रायगडचा नव्हे). आजी नेपतीचं लोणचं घालायची. थोडंच, एखादी बरणी. ती फळं ताकात नाही, चुन्याच्या निवळीत ठेवायची एक रात्र आणि मग मिठात. तेल शेंगदाण्याचं, मसाला आपला नेहमीचा कैरीच्या लोणच्याचा. आईनं ते कधी केलं नाही. तिचं म्हणणं, "काट्यात हात घालून वाटीभर फळं काढायला सकाळ जाते, त्यापेक्षा कैऱ्या आणाव्यात." आणि हेच खरं कारण असावं हो दौंडकर. गरिबी वगैरे ठीक आहे, पण तोडणी कुणी करायची? बायकांनीच ना!

---

दौंडकर | १३ एप्रिल, १०:४०

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आणि तो वजनदार आहे. चुन्याच्या निवळीबद्दल अजून सांगा ना, किती चुना, किती पाणी?

---

बांधावरची_बोर | १३ एप्रिल, ११:१८

आजी मापानं करायची नाही. खायचा चुना पाण्यात कालवून वरचं नितळ पाणी घ्यायची एवढं नक्की. त्यानं फळ करकरीत राहतं, कोहळ्याच्या पेठ्याला वापरतात तसंच. नंतर भरपूर पाण्यानं धुवायची.

---

टवाळ_कार्टं | १३ एप्रिल, ११:२०

पान खाणाऱ्या घरांना हे लोणचं सोपं जाणार.

---

पाणिनीचा_पुतण्या | १३ एप्रिल, १२:४४

संस्कृतात हा करीर. भर्तृहरीच्या नावावरचं सुभाषित प्रसिद्ध आहे : करीराला पालवी नाही यात वसंताचा काय दोष? घुबडाला दिवसा दिसत नाही यात सूर्याचा काय दोष? एकूण विधात्यानं कपाळी लिहिलेलं कुणाला पुसता येत नाही, असा सूर.

त्याहून रंजक म्हणजे कारीरी इष्टी. कृष्ण यजुर्वेदात पावसासाठी करायचा यज्ञ सांगितलाय, त्यात करीराच्या फळांचं पीठ मधात कालवून आहुती देतात. यजमानानं काळं वस्त्र नेसायचं, ढगासारखं. दुष्काळी मुलखातलं, उन्हाळ्यात फळणारं झाड पावसाच्या यज्ञाला निवडलं, यात मला तर फार सूक्ष्म निरीक्षण दिसतं.

---

अण्णा_सोलापूर | १३ एप्रिल, १२:५८

मग आमच्याकडे लोणचं घालून बघायला हवं. पाऊस नाही पडला तरी भाकरीसोबत काहीतरी होईल.

---

गवताळ | १३ एप्रिल, १४:३३

भर्तृहरीशी थोडा वाद घालतो. करीराला पालवी फुटते! पावसानंतर नव्या फांदीवर बारीक, अरुंद पानं येतात, पण महिनाभरात गळतात. बाकी वर्षभर हिरवी सालच पानाचं काम करते, अन्न तयार करणं वगैरे सगळं. पानच नाही म्हटल्यावर बाष्प उडायची जागा कमी. मुळं खोल जातात. म्हणून मे महिन्यात सगळा माळ करपलेला असताना नेपती फुलते.

फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर असतात. पायोनियर नावाचं, काळ्या शिरांचं पांढरं फुलपाखरू याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. नेपतीच्या जाळीजवळ अर्धा तास थांबलात तर हमखास दिसेल. पिकलेली गुलाबी-लाल फळं बुलबुल खातात. माळढोकसुद्धा बोरं आणि ही फळं खातो. आपल्या नान्नजच्या अभयारण्यात माळढोक दिसणं आता किती दुर्मिळ झालंय ते सोलापूरकरांना सांगायला नको.

आणि दौंडकर, "मुंग्यांना जातात" म्हणजे वाया जातात असं नाही हं. माळावर वाया काही जात नाही.

---

निसर्गवेडी | १३ एप्रिल, १५:०५

गवताळ +१. मला या धाग्याची खरं तर धास्ती वाटतेय. उद्या कुणीतरी "नेपती सुपरफूड" म्हणून रील टाकेल आणि पुण्याहून गाड्या भरून लोक येतील तोडायला. नेपती फार सावकाश वाढते. माळरानाला सरकारी कागदावर "पडीक" म्हणतात, त्यामुळे कुणी जेसीबी लावला, सोलर लावलं, कुणी ग्लिरिसिडियाची लागवड केली, तरी कुणाला वाईट वाटत नाही. उरलेल्या जागेत वेडी बाभूळ घुसलीये. अशा वेळी ज्या चार जाळ्या शिल्लक आहेत त्या तरी सोडा.

---

दौंडकर | १३ एप्रिल, १५:४०

मला नेमकं उलटं वाटतं. ज्या झाडाचा कुणाला उपयोग ठाऊक नाही ते जेसीबीखाली पहिलं जातं. आमच्या शेजाऱ्यानं गेल्या वर्षी बांध सरळ केला तेव्हा बोरी-बाभळी राखल्या, नेपती काढली. का, तर "ती काय कामाची?" त्याच्या घरात वर्षाला दोन बरण्या लोणचं होत असतं तर ती राहिली असती.

---

निसर्गवेडी | १३ एप्रिल, १५:५२

दोन बरण्या होत असतं तर हो. बाजार लागला की दोनावर थांबत नाही. तीव्र असहमत, पण मुद्दा कळला.

---

जोधपुरी_काकू | १३ एप्रिल, १६:३०

यावर एक सांगते. मारवाडात केर विकला जातो, भाव आहे, तरी बहुतेक केर अजून जंगली झुडपांचाच येतो, शेती करून नाही. तोडणारे गरीब लोक, मुख्यतः बायका-मुलं, वैशाखाच्या उन्हात. फळ जितकं बारीक तितका भाव जास्त, म्हणून कोवळंच तोडतात आणि पिकायला फार थोडं राहतं. पिकलेल्याला इथं ढालू म्हणतात, मुलं मिटक्या मारत खातात, पण बी पडायचं ते याच फळातून. तेव्हा निसर्गवेडी ताई म्हणतात ते अगदीच खोटं नाही.

पण गावात ओरण असतात. म्हणजे देवाच्या नावानं राखलेली जमीन, आपल्या देवराईसारखी. तिथं कुऱ्हाड चालत नाही. गळलेलं, सहज मिळणारं घ्यायला हरकत नसते. या ओरणांमुळेच बरीच झुडपं टिकलीत.

---

पाणिनीचा_पुतण्या | १३ एप्रिल, १६:४७

खेजडलीची हकिकत याच मुलखातली ना? १७३०, जोधपूरच्या महाराजांची माणसं चुनाभट्टीसाठी खेजडी तोडायला आली, आणि अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई झाडांना मिठ्या मारून मेले. खेजडी म्हणजे आपली शमी, आणि तिच्याच शेंगा म्हणजे सांगरी.

---

जोधपुरी_काकू | १३ एप्रिल, १७:०२

हो, इथून तासाभराच्या आत आहे खेजडली. भाद्रपदात मेळा भरतो. १९८३ पासून खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. केर बिचाऱ्याला असा काही मान मिळाला नाही.

---

सई_के | १३ एप्रिल, १७:१०

म्हणजे आपण दसऱ्याला जिची पूजा करतो त्या शमीच्या शेंगांची भाजी? माझ्या सोसायटीत शमी आहे, कुंडीतली. तिला शेंगा येत नाहीत.

---

गवताळ | १३ एप्रिल, १७:३६

नर्सरीत शमी म्हणून बऱ्याचदा भलतंच काटेरी झाड देतात. आणि खरी असली तरी कुंडीत शेंगा यायच्या नाहीत, मोठा वृक्ष आहे तो. सोसायटीत सांगरीचं स्वप्न सोडा.

---

आरोग्यधन | १३ एप्रिल, १९:२२

इतके प्रतिसाद आले पण मुख्य उपयोग कुणी लिहिला नाही. नेपतीच्या कोवळ्या काड्या वाळवून पूड करा, रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा. साखर मुळासकट जाते. माझ्या मामांच्या गोळ्या बंद झाल्या. सांधेदुखीवर पण रामबाण.

---

वैद्यबुवा | १३ एप्रिल, २०:१५

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, म्हणून लिहितो. करीर ग्रंथांत आहे : चवीला कडू-तिखट, उष्ण, कफ-वातावर उपयोगी. सांधेदुखीवर, सुजेवर, दातदुखीवर लोकांत वापर आहे हेही खरं. साखरेवर उंदरांवरचे प्रयोग झालेत. पण उंदरावरून माणसावर उडी मारून गोळ्या बंद करणं हा शुद्ध अविचार आहे. मामांची साखर गेल्या तीन महिन्यांत किती होती ते तपासून घ्या, "बरं वाटतं" यावर जाऊ नका. गोळ्या ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारून कमी करायच्या.

आणि लोणचं औषध म्हणून खाणाऱ्यांनी त्यातलं मीठ लक्षात ठेवावं. रक्तदाब असलेल्यांनी तोंडी लावण्यापुरतंच.

---

आरोग्यधन | १३ एप्रिल, २०:२०

वैद्य असून ॲलोपथीची बाजू घेता?

---

वैद्यबुवा | १३ एप्रिल, २०:३१

मामांची घेतोय.

---

टवाळ_कार्टं | १३ एप्रिल, २०:३३

_/\_

---

ओढ्याकाठचा | १३ एप्रिल, २१:१०

एक महत्त्वाचं राहतंय. ज्यांना झुडूप ओळखता येत नाही त्यांनी बिनपानी हिरव्या काड्या दिसल्या की हात घालू नये. गावोगावी कुंपणाला शेर लावलेला असतो, त्यालाही पानं नसल्यासारखीच, काड्याही हिरव्या. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. खूण सोपी : काडी मोडली की पांढरा चीक आला तर तो शेर, लगेच हात धुवा. नेपतीला चीक नसतो, आणि काटे असतात, जोडीनं, जरा वाकडे. फुलं असतील तर प्रश्नच नाही, लाल फूल आणि बाहेर डोकावणारे लांब पुंकेसर. क्वचित पिवळ्या फुलांचीही दिसते.

लाकडाला वाळवी लागत नाही, हे आमच्या म्हाताऱ्यांचं सांगणं. कुदळीचा, खुरप्याचा दांडा, कुळवाच्या खुंट्या, बारीकसारीक कामं सगळी याच्यातून. मोठा ओंडका मिळत नाही म्हणून, नाहीतर एकही झाड उरलं नसतं.

---

पंढरीची_वारी | १३ एप्रिल, २२:०४

वाघाटीचा उल्लेख कसा नाही अजून? तीही कॅपॅरिसच, नेपतीची सख्खी बहीण म्हणा, फक्त वेलीसारखी चढणारी आणि पानं असलेली. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाटीची भाजी लागतेच आमच्याकडे. गोविंदफळ म्हणतात. त्या एका दिवशी मंडईत भाव असा चढतो की विचारू नका, दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही! बिया कडू म्हणून काढायच्या, साल उकडून पाणी टाकायचं.

त्यामुळे "आपण माळावरचं खाणं टाकून दिलं" हे मला पूर्ण पटत नाही. जे देवाच्या ताटात गेलं ते राहिलं. नेपतीला कुठला सण मिळाला नाही.

---

जोधपुरी_काकू | १३ एप्रिल, २२:३०

वा, काय बोललात! इथंही तसंच आहे. होळीनंतर शीतळा अष्टमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड जेवण असतं. त्यात केर-सांगरी हवीच. पाणी न घालता तेलात केलेली असते, आंबट घातलेलं असतं, म्हणून टिकते. पंचकुटा म्हणजे केर, सांगरी, कुमट नावाच्या बाभळीच्या बिया, गुंदा आणि पाचवं घरोघरी वेगळं, कुठं वाळलेली लाल मिरची, कुठं आमचूर. लांबच्या प्रवासाला पुऱ्या आणि हे, चार-चार दिवस चालतं.

सासूबाईंच्या सासूबाई छप्पनियाच्या गोष्टी सांगायच्या म्हणे. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ. तेव्हा खेजडीची साल दळून खाल्ली लोकांनी. अशा मुलखात सुकवून ठेवता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला किंमत येते, त्याला फक्त सण पुरत नाही. तुमच्याकडे ज्वारी पिकायची, कडधान्य पिकायचं. इतकी गरज पडली नसेल.

---

अण्णा_सोलापूर | १३ एप्रिल, २२:५२

काकू, सोलापूर-नगरला १९७२ कुणी विसरलेलं नाही. पण आमच्यात लोक माळाकडं वळले नाहीत, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेले आणि सुकडी, मिलो (लाल ज्वारी) खाल्ला. त्या पिढीला "दुष्काळात काय खाल्लं" विचारा, मिलोच सांगतील, नेपती नाही. हा फरक मला आत्ता तुमचं वाचून जाणवला.

---

लेह_ते_लातूर | १४ एप्रिल, ०८:१९

याच घराण्यातली आणखी एक सांगतो. नोकरीनिमित्त लेहला होतो. तिथं दगडधोंड्यांत जमिनीसरपट पसरणारी, मोठ्या पांढऱ्या-गुलाबी फुलांची वनस्पती दिसते, स्थानिक नाव कब्रा. तिची कोवळी पानं उकडून, पाण्यात ठेवून कडू काढून भाजी करतात. ती कॅपॅरिस स्पायनोसा. म्हणजे थंड वाळवंटातही हे कुटुंब पोचलंय.

---

रोमची_राधा | १४ एप्रिल, १३:४०

आणि तीच स्पायनोसा म्हणजे इटलीतली केपर! पिझ्झा-पास्त्यावर ते आंबट-खारट हिरवे मणी असतात ना, त्या न उमललेल्या कळ्या. उमलल्या की संपलं, म्हणून उन्हाळ्यात रोज पहाटे वेचतात. सिसिलीजवळच्या पांतेल्लेरिया बेटाच्या केपरला १९९६ पासून युरोपचा भौगोलिक मानांकनाचा दर्जा आहे. ते लोक पाण्यात घालत नाहीत, कोरड्या जाड मिठात मुरवतात, सुटलेलं पाणी काढून पुन्हा मीठ. इथंही लहान कळी सगळ्यांत महाग, काकूंच्या बारीक केरासारखीच. फळंही मुरवतात, देठासकट.

मला धाग्यातला वाद वाचून वाटलं, की त्या बेटावर केपर टिकला कारण तो त्यांनी लावला. दगडी ताली बांधून, ओळीत, छाटणी करून. रानातून ओरबाडत बसले नाहीत. नेपती लावता येते का?

---

गवताळ | १४ एप्रिल, १४:२५

येते, पण चिकाटी हवी. बी ताजंच लावावं लागतं, ठेवलं की रुजायची ताकद भराभर कमी होते. पिकलेलं फळ मिळालं की गर धुऊन लगेच पिशवीत टाका. दुसरा मार्ग, मोठ्या जाळीभोवती मुळांपासून फुटवे येतात, ते पावसाळ्याच्या तोंडावर मुळासकट अलगद काढून लावायचे, पण सगळे जगत नाहीत. पहिली काही वर्षं झाड जमिनीखालीच वाढतंय असं वाटेल, वर काही दिसणार नाही. फळं धरायला बरीच वर्षं जातात. फायदा हा की पाणी नको, खत नको, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, आणि बांधावर माती धरून ठेवते. जोधपूरची काझरी, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, अशा मरुभूमीतल्या झाडांवर बरंच काम करते.

---

निसर्गवेडी | १४ एप्रिल, १४:४१

लावून खा, याला माझी काहीच हरकत नाही. दौंडकर, शेजाऱ्याच्या बांधावर लावता का मग?

---

दौंडकर | १४ एप्रिल, १५:१०

शेजाऱ्याच्या नाही, माझ्या. कोरड्या बांधाला एक ओळ करायची ठरवलीये, जूनमध्ये पिकलेली फळं गोळा करून. तोवर उरलेल्या जाळ्यांतून घरापुरतीच तोडेन, एका झुडपावरची निम्मी सोडून. बांधावरची_बोर ताईंचा मुद्दा मनात ठेवून तोडणी मीच करणार आहे, घरच्या कुणाला सांगणार नाही. आधी चिमटा आणि चामडी हातमोजे घेतो.

निम्मी ताकात घालतो, निम्मी भुजवाली ताईंच्या कैरीच्या पाण्यात. चुन्याच्या निवळीचं धाडस नंतर.

---

बांधावरची_बोर | १४ एप्रिल, १५:३३

काठीला आकडा बांधून फांदी खाली ओढा आणि खाली जुनं धोतर अंथरा. हातमोज्यांनी बारीक फळ हाती लागत नाही. आजी दुपारी कधी जायची नाही, सकाळी लवकर. आणि जाळीत हात घालण्याआधी काठीनं हलवून बघायची, सापाला सावलीला तीच जागा आवडते.

---

अण्णा_सोलापूर | १४ एप्रिल, १५:५०

धोतर कुठून आणणार आता? बेडशीट घ्या जुनी.

---

सई_के | १४ एप्रिल, १८:०२

काकू, एक शंका. माझ्याकडे मातीचा मटका नाही आणि आणला तरी तो खारं पाणी झिरपवेल. स्टीलच्या डब्यात चालेल का? की प्लास्टिकची बरणी?

---

जोधपुरी_काकू | १४ एप्रिल, १८:२६

स्टील नको, आंबट-खाऱ्या पाण्यानं डाग पडतात आणि चव बिघडते. प्लास्टिक उन्हात ठेवायचं तर अजिबात नको. काचेची मोठी बरणी घे किंवा चिनी मातीची, तोंडाला फडकं बांध. झाकण घट्ट लावू नकोस, आंबताना वायू सुटतो. फळं पाण्याखाली बुडलेली राहिली पाहिजेत, वर तरंगली तर त्यावर एखादी वाटी उपडी ठेव. आणि पहिलं पाणी बेसिनमध्ये ओतलंस की लगेच नळ सोड, नाहीतर घरभर वास राहतो दोन दिवस.